स्तनपानाचे पहिले आठवडे : नव्या आईसाठी आणि तिला साथ देणाऱ्यांसाठी

स्तनपान ही नैसर्गिक गोष्ट आहे, हे वाक्य गरोदर बाईच्या कानांवर इतक्या वेळा पडते की बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तनाग्राला चीर पडली आणि बाळ रडतच राहिले, की तिला पहिली शंका येते ती स्वतःविषयीच. चोखणे ही बाळाची उपजत क्रिया असली, तरी स्तन नीट धरणे बाळाला आणि बाळाला नीट जवळ घेणे आईला शिकावेच लागते. आणि हे शिकणे घडते ते टाके दुखत असताना, झोप अपुरी असताना आणि भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगून जात असताना. ठरवले होते त्यापेक्षा लवकर अंगावर पाजणे थांबवलेल्या मातांना कारण विचारले, तर उत्तरे फारशी वेगळी येत नाहीत: दूध पुरत नाही असे वाटले, फार दुखत होते, बाळ स्तन धरत नव्हते, कामावर परतायचे होते. यांतल्या बहुतेक अडचणींवर उपाय असतो. मात्र तो शेजारी बसून, बाळ पीत असताना नीट पाहून सांगणारे माणूस वेळेवर मिळावे लागते. म्हणून हा लेख जितका आईसाठी आहे, तितकाच तिच्या जोडीदारासाठी, आईसाठी, सासूसाठी आणि मैत्रिणीसाठीही आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची शिफारस अशी आहे, की जन्मानंतर पहिल्या तासातच स्तनपान सुरू करावे, पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, त्या काळात पाणी किंवा मधही देऊ नये, आणि त्यानंतर इतर अन्नाच्या जोडीने २ वर्षे किंवा त्यापुढेही पाजत राहावे. हे उद्दिष्ट डोळ्यांसमोर असावे, पण त्याचे ओझे होऊ देऊ नये. थोडे आठवडे पाजले, किंवा वरच्या दुधाच्या जोडीने पाजले, तरी त्याचा बाळाला उपयोग होतोच.

प्रसूतीपूर्वी ठरवून ठेवायच्या गोष्टी

गरोदरपणात बाळाच्या कपड्यांची यादी होते, पण बाळ जन्मल्यावर पाजायला मदत कोण करणार, हे बहुतेक घरांत ठरलेले नसते. ते शेवटच्या दोन महिन्यांत ठरवावे. माणसे तीन प्रकारची लागतात आणि ती एकच असतील असे नाही. पहिले माणूस जाणकार हवे, म्हणजे स्तनपानाचे प्रशिक्षण घेतलेली समुपदेशक, परिचारिका किंवा डॉक्टर. दुसरी, अलीकडेच या अनुभवातून गेलेली आई. तिच्याशी बोलताना लाज वाटत नाही आणि ‘माझेही असेच झाले होते’ हे ती खरेपणाने सांगू शकते. मातांनी मातांना मदत करण्याची संघटित पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील ला लेचे लीग ही संस्था १९५६ मध्ये सात मातांनी मिळून याच विचारातून सुरू केली. तिसरे माणूस घरकाम अंगावर घेणारे. या तिसऱ्या माणसाचे महत्त्व कोणी बोलून दाखवत नाही, पण पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त कामाला तेच येते.

जाणकार माणसाची वेळ आधीच ठरवून ठेवावी. स्तनपानाच्या मदतीवर झालेल्या संशोधनाच्या एकत्रित आढाव्यांतून हे पुढे आले आहे, की ‘काही अडले तर कळवा’ एवढ्यावर सोडलेली मदत फारशी उपयोगी पडत नाही, तर ठरलेल्या दिवशी स्वतःहून येणाऱ्या मदतीने पाजणे अधिक काळ टिकते. याचे कारण उघड आहे. अडचणीत सापडलेल्या बाळंतिणीला आपली अडचण विचारण्याजोगी आहे, हेच अनेकदा वाटत नाही.

रुग्णालयाला काही प्रश्न आधीच विचारावेत. जन्मानंतर बाळाला लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवतात का? सिझेरियन झाले तरी ठेवतात का? बाळ रात्रंदिवस आईच्या खोलीत राहते का? पाजताना जवळ बसून पाहणारे कोणी आहे का? आईला विचारल्याशिवाय वरचे दूध दिले जाते का? हे प्रश्न मनाने काढलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी यशस्वी स्तनपानासाठी दहा पायऱ्या १९८९ मध्ये मांडल्या, १९९१ पासून त्यांच्या आधारे बालस्नेही रुग्णालयांचा उपक्रम चालू केला आणि २०१८ मध्ये त्या पायऱ्यांची सुधारित मांडणी केली. वरचे बहुतेक प्रश्न त्यांतूनच निघतात.

स्तनांवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, थायरॉइडचा त्रास असेल, गरोदरपणात स्तनांच्या आकारात काहीच फरक पडला नसेल किंवा मागच्या बाळंतपणात दूध कमी पडले असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे. स्तनाग्रे घासून घट्ट करण्याची मात्र काही गरज नसते. ती चपटी किंवा आत वळलेली असली तरी बहुतेक मातांना पाजता येते, कारण बाळ केवळ स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीचा स्तनाचा भाग तोंडात घेते.

पहिला तास

आईची आणि बाळाची प्रकृती ठीक असेल, तर बाळाला पुसून, उघडे, आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवावे आणि दोघांवर मिळून पांघरूण घालावे. बाळाचे तोंड एका बाजूला वळलेले, नाक मोकळे आणि दिसणारे असावे, आणि कोणीतरी लक्ष ठेवून असावे. घाई करू नये. बाळ काही वेळ शांत पडून राहते, मग हातपाय हलवते, तोंड उघडते, जीभ बाहेर काढते आणि हळूहळू स्तनाच्या दिशेने सरकते. या वेळी वजन, अंघोळ, छायाचित्रे ही सगळी कामे थांबू शकतात. काही कारणाने आई बेशुद्ध असेल किंवा बाळ अतिदक्षता कक्षात असेल, तर संधी गेली असे समजू नये. नंतर, अगदी काही दिवसांनीही, असेच छातीशी धरून सुरुवात करता येते. कमी वजनाच्या बाळांना अखंड छातीशी बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात उष्णपेट्यांच्या तुटवड्यातून सुरू झाली, आणि आज ती जगभर वापरली जाते.

बाळ वेगळे ठेवावे लागले, तर प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करावी आणि पुढे २४ तासांत किमान ८ वेळा काढावे. सुरुवातीला जेमतेम थेंब येतात. ते थेंब चमच्यात घेऊन बाळापर्यंत पोहोचवणे हे सोबत असणाऱ्याचे काम.

बाळाने स्तन धरणे

या लेखातला हा भाग सर्वांत सावकाश वाचावा, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी इथेच उगवतात.

आईने आधी स्वतः नीट बसावे किंवा रेलावे. पाठीला टेकू, खांदे सैल, पाय टेकलेले. बाळाला उचलून स्तनाच्या उंचीवर आणावे. स्तन बाळाकडे वाकवून नेला की पाच मिनिटांत पाठ भरून येते आणि स्तन तोंडातून निसटतो. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे आणि कान, खांदा व कंबर एका रेषेत असावी. मान वळवून आपल्यालाही पाणी गिळणे अवघड जाते, हे लक्षात घेतले की या सूचनेचे कारण कळते. बाळाला मानेच्या मुळाशी आणि खांद्यांवर आधार द्यावा, डोक्याच्या मागे हात दाबून धरू नये. डोके मागे झुकायला जागा नसेल, तर तोंड मोठे उघडत नाही.

सुरुवातीला बाळाचे नाक स्तनाग्रासमोर असावे. स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठावर हलके टेकवावे आणि थांबावे. बाळ तोंड थोडेसे उघडेल. तेवढ्यावर भागवू नये. जांभईएवढे मोठे तोंड उघडले, की त्याच क्षणी बाळाला, हनुवटी पुढे ठेवून, पटकन जवळ ओढावे. हनुवटी आधी स्तनात रुतते, खालचा ओठ स्तनाग्रापासून दूर टेकतो आणि वरचा ओठ शेवटी येतो.

नीट धरले आहे का, हे पाहण्याच्या चार खुणा आहेत. तोंड मोठे उघडलेले असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी स्तनाला टेकलेली असते, आणि स्तनाग्राभोवतीचे गडद वर्तुळ वरच्या बाजूला जास्त व खालच्या बाजूला कमी दिसते. बाळ आधी भरभर चोखते, आणि पान्हा फुटला की लय बदलते: चोखणे संथ व खोल होते, हनुवटी क्षणभर खाली थांबते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. गाल आत ओढले जात असतील किंवा टकटक असा आवाज येत असेल, तर पकड वरवरची आहे.

पहिल्या काही दिवसांत धरण्याच्या क्षणी थोडी ओढ जाणवणे नेहमीचे असते, आणि ती अर्ध्या-एक मिनिटात ओसरते. दुखणे त्यापुढेही राहिले, तर दात-ओठ खाऊन पाजत राहू नये. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा धरवावे. लागल्यास तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाजून झाल्यावर स्तनाग्राचा आकार पाहावा. ते गोल असेल तर ठीक. एका बाजूने चेपलेले, तिरपे किंवा पांढरट पडलेले असेल, तर ते बाळाच्या टाळूवर घासले जात आहे असे समजावे. ही स्थिती एक-दोन दिवसांत सुधारली नाही, तर जाणकाराला बोलवावे, आणि आलेल्या व्यक्तीने बाळाची जीभ नीट उचलली जाते का, तेही पाहावे.

मांडीवर आडवे घेणे ही एकच स्थिती नाही. सिझेरियननंतर बाळाला काखेखालून, पाय आईच्या पाठीकडे, असे धरले की टाक्यांवर भार येत नाही. रात्री कुशीवर झोपून पाजता येते. मागे रेलून बाळाला छातीवर पालथे घेतले, तर जोराचा पान्हा असलेल्या आईचे बाळ कमी ठसकते. एका आईला सोयीची झालेली पद्धत दुसरीला जमेलच असे नाही, आणि यात योग्य-अयोग्य काही नसते.

चीक दूध आणि दूध उतरणे

पहिल्या दिवशी येणारे पिवळसर, दाट चीक दूध थोडेच असते, एका वेळी चमचाभर किंवा त्याहून कमी. नवजात बाळाला तेवढेच लागते. ‘दूध आलेच नाही’ हे वाक्य सर्वाधिक वेळा याच काळात बोलले जाते आणि वरच्या दुधाची पहिली बाटलीही याच काळात दिली जाते. वार पडल्यावर शरीरातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरते आणि त्यानंतर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान दूध भरपूर उतरू लागते. पहिलटकरणीला, सिझेरियननंतर किंवा मधुमेह असल्यास थोडा उशीर होऊ शकतो.

यानंतरचे गणित मागणीवर चालते. बाळ चोखते तेव्हा प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे ते बाहेर येते. स्तन रिकामा होईल तितके नवे दूध लवकर बनते, आणि भरलेला राहील तितका वेग मंदावतो. म्हणूनच ‘छातीत दूध साठू दे, मग पाज’ हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी उलटा आहे. बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा, भुकेच्या खुणा दिसताच पाजावे. हात तोंडाकडे नेणे, ओठ चाटणे, मान इकडे-तिकडे वळवून शोधणे या भुकेच्या खुणा. रडणे ही शेवटची खूण असते, आणि रडून लाल झालेल्या बाळाला आधी शांत करावे लागते, मगच ते धरते. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ झोपाळू असेल, तर ३ तासांनी उठवून पाजावे, विशेषतः कावीळ दिसत असेल तर.

दूध उतरताना स्तन गच्च होऊन दगडासारखे लागतात आणि स्तनाग्र चपटे होऊन बाळाला धरता येत नाही. अशा वेळी पाजण्याआधी बोटांच्या टोकांनी स्तनाग्राभोवतालचा भाग मिनिटभर आतल्या दिशेने हलका दाबावा, थोडे दूध हाताने काढावे आणि मग धरवावे. पाजून झाल्यावर थंड पट्ट्या ठेवाव्यात. पंपाने स्तन पूर्ण रिकामा करण्याचा मोह आवरावा, नाहीतर शरीर तेवढे जास्त दूध बनवू लागते.

दूध पुरते आहे का?

हा प्रश्न आईला दिवसातून दहा वेळा विचारला जातो, आणि ज्याच्याकडे उत्तर नाही असे माणूस तो सर्वांत जास्त विचारते. उत्तर लंगोटात आणि वजनकाट्यावर असते.

पहिल्या दिवशी बाळाने किमान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असे वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा अधिक वेळा लघवी केली पाहिजे आणि ती फिकट असली पाहिजे. शी पहिले दोन दिवस काळी-चिकट, मग हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळसर होते. वजन पहिल्या काही दिवसांत कमी होते, आणि ते जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत कमी होणे आढळते. म्हणजे ३ किलोच्या बाळाचे वजन ३०० ग्रॅमच्या आसपास घटले, तर ते सीमेवर आहे आणि पाजणे कोणीतरी जवळून पाहिले पाहिजे. १० ते १४ दिवसांत जन्मवजन परत यावे आणि त्यानंतर सुरुवातीच्या महिन्यांत रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. वजन शक्यतो एकाच काट्यावर, उघड्या बाळाचे करावे.

या खुणा ठीक असतील, तर पुढच्या गोष्टींनी घाबरू नये: संध्याकाळी बाळ तासन्तास वारंवार पीत राहणे, दोन-तीन आठवड्यांच्या आणि सहा आठवड्यांच्या सुमारास एकाएकी भूक वाढणे, दीड महिन्यानंतर स्तन मऊ लागणे, पान्हा फुटल्याचे न जाणवणे, पंपाने थोडेच दूध निघणे. पंप म्हणजे बाळ नव्हे, आणि पंपाच्या बाटलीतल्या रेषांवरून आपल्या दुधाचे माप काढणाऱ्या मातांची निराशा मला नेहमी अनाठायी वाटते.

उलट, चौथ्या दिवसानंतरही लघवी गडद किंवा विटकरी रंगाची असणे, शी काळीच राहणे, बाळाला उठवूनही न उठणे, अंग पिवळे होत जाणे, वजन १० टक्क्यांहून अधिक घटणे किंवा तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दूध खरोखरच कमी असण्याचीही कारणे असतात, आणि ती नाकारून आईला ‘मन लावून पाज’ असे सांगणे हा अन्याय आहे. प्रसूतीत फार रक्तस्राव होणे, वारेचा तुकडा आत राहणे, थायरॉइडचा बिघाड, स्तनांवरील शस्त्रक्रिया, स्तनातील ग्रंथींची अपुरी वाढ, इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या आणि चोंदलेले नाक मोकळे करणारी सुडोएफेड्रिनयुक्त औषधे यांनी दूध कमी होऊ शकते. अशा वेळी तपासणी करून घ्यावी, दोन्ही स्तनांवर अधिक वेळा पाजावे, चोखणे मंदावले की स्तन हाताने हलका दाबून प्रवाह चालू ठेवावा, आणि पाजल्यानंतर उरलेले दूध काढून तेही बाळाला द्यावे. वजनासाठी वरचे दूध लागलेच, तर ते डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, संकोच न बाळगता द्यावे. भुकटीचे दूध करताना पाणी ७० अंश सेल्सिअसहून थंड झालेले नसावे, भुकटीचे माप डब्यावर लिहिल्याप्रमाणेच असावे आणि बाळाला देण्यापूर्वी ते निववावे. दूध पुरवण्यासाठी पाणी वाढवणे धोक्याचे आहे.

वरच्या दुधाची गरज डॉक्टरांनी ठरवावी, कंपनीच्या भेटवस्तूने नव्हे. मातांना फुकट नमुने देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये स्वीकारलेल्या संहितेत स्पष्ट म्हटले आहे. तरीही असा डबा हातात पडला, तर तो पहाटे तीन वाजता हाताशी येणार नाही अशा ठिकाणी ठेवावा.

सोबत असणाऱ्याने काय करावे

बाळाला दूध फक्त आईच पाजू शकते, म्हणून आपण काय करणार, असे जोडीदारांना वाटते. रात्रीच्या एका वेळेचेच उदाहरण घेऊ. बाळ कुरबुरू लागले की जोडीदाराने उठावे, बाळाचा लंगोट बदलावा आणि मग ते आईकडे द्यावे. आई पाजायला बसली की तिच्या पाठीमागे उशी सरकवावी आणि हाताला लागेल असा पाण्याचा पेला ठेवावा, कारण पान्हा फुटताच अनेकींना कडकडून तहान लागते. पहिला स्तन पिऊन झाला की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावा व परत द्यावे. दुसऱ्यावर पिऊन झाले की आईने तिथेच आडवे व्हावे आणि बाळाला पुन्हा झोपवण्याचे काम जोडीदाराचे. एवढ्याने रात्रीत तासभर झोप वाचते. पाजता पाजता आई सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोपी जात असेल, तर तिला उठवून पलंगावर न्यावे. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळ फटीत अडकण्याचा धोका मोठा असतो.

दिवसा भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवणे, त्यांना दारातच ‘ती पाजते आहे, थोडे थांबा’ असे सांगणे, स्वयंपाक, कपडे, मोठे मूल, लंगोटांची नोंद, ही सगळी पाजण्याचीच कामे आहेत. पूर्ण स्तनपान करणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात. त्यासाठी विशेष पदार्थांपेक्षा वेळेवर समोर आलेले साधे जेवण महत्त्वाचे.

बोलताना दोन गोष्टी पाळाव्यात. बाळ रडले की लगेच ‘भूक भागली नसेल’ म्हणू नये. बाळ ओले असेल, झोप आली असेल किंवा नुसते जवळ घ्यायला हवे असेल. आणि आई ‘मला आता जमत नाही’ म्हणाली, तर तोडगा सांगण्यापूर्वी ती नेमके काय म्हणते आहे ते ऐकावे. कधी तिला धरवायला मदत हवी असते, कधी दोन तास झोप हवी असते, आणि कधी खरोखरच थांबण्याची परवानगी हवी असते. आजी-मावश्यांचा अनुभव मोलाचा असतो, परंतु ज्या काळात घड्याळ पाहून चार-चार तासांनी पाजायला सांगत, त्या काळातला सल्ला तिच्यावर लादू नये.

चिरा, गाठी आणि ताप

चिरलेल्या स्तनाग्रावरचा पहिला उपाय म्हणजे पकड सुधारणे, मलम त्यानंतर. पाजून झाल्यावर दुधाचेच थेंब लावून वाळू द्यावेत. फार दुखत असेल, तर एक-दोन वेळा हाताने दूध काढून चमच्याने द्यावे आणि कमी दुखणाऱ्या बाजूने पुन्हा सुरुवात करावी.

स्तनात एखादी दुखरी गाठ आली, तर ती जोरात चोळून फोडण्याचा प्रयत्न करू नये. स्तनदाहाविषयीचे मार्गदर्शन २०२२ पासून बदलले आहे: जोराचा मसाज आणि वरचेवर पंप करणे यांनी सूज वाढते, असे आता मानले जाते. नेहमीप्रमाणे पाजावे, थंड शेक द्यावा, घट्ट कपडे टाळावेत, डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेनसारखे सूज उतरवणारे औषध घ्यावे. ताप, थंडी, अंगदुखी आणि स्तनावर लाल, तापलेला पट्टा असेल आणि एका दिवसात उतार पडला नाही, किंवा सुरुवातीपासूनच फार आजारी वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. प्रतिजैविके लागू शकतात. त्या स्तनावर पाजणे सुरक्षित असते आणि एकाएकी थांबवले तर गळू होण्याचा धोका वाढतो.

मनाकडेही पाहावे

पहिल्या आठवड्यात अकारण रडू येणे बहुतेक बाळंतिणींना होते. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, बाळ झोपले असतानाही झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर विलंब न करता डॉक्टरांशी बोलावे. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे उपलब्ध आहेत. काही मातांना पान्हा फुटण्याच्या क्षणीच एकदम खिन्नता दाटून येते आणि काही मिनिटांत निघून जाते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, आईपणाबद्दलचा तिटकारा नव्हे, आणि एवढे कळले तरी पुष्कळजणींचा जीव भांड्यात पडतो.

कामावर परतताना

परतण्याच्या दोन-तीन आठवडे आधी दूध काढण्याचा सराव सुरू करावा. हाताने काढताना अंगठा वर आणि बोटे खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर ठेवावीत. आधी छातीच्या दिशेने मागे दाबावे, मग बोटे जवळ आणावीत, सोडावे, आणि लय पकडून असेच करत राहावे. कातडीवर बोटे घासू नयेत. प्रवाह मंदावला की बोटांची जागा बदलावी.

एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध पिते. ते आठ वेळांत विभागले, तर एका वेळेला ९० ते १०० मिलिलिटर येतात. साठवण त्या मापाने, छोट्या छोट्या भांड्यांत करावी, म्हणजे वाया जात नाही. ताजे काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस आणि डीप फ्रीजरमध्ये साधारण ६ महिने चांगले राहते. वितळवलेले दूध फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत वापरावे आणि पुन्हा गोठवू नये. बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांत संपवावे. दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, कारण ते कुठे थंड तर कुठे चटका बसेल इतके गरम होते. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावे. थर जमला तर हलके ढवळावे.

कामाच्या ठिकाणी वरिष्ठांशी परतण्यापूर्वीच बोलावे आणि नेमके मागावे: आतून कडी लागणारी, स्वच्छतागृह नसलेली खोली, दिवसातून दोन-तीन वेळा वीस-तीस मिनिटे आणि दूध ठेवायला फ्रीजमध्ये जागा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा आणि पाजण्यासाठीची सुटी पगारी कामाच्या वेळेत धरणे, या दोन्हींचा समावेश आहे. प्रत्यक्ष हक्क मात्र देशागणिक बदलतात, म्हणून आपल्या देशाचा कायदा पाहून बोलणे उत्तम. सहकाऱ्यांनी करण्यासारखी गोष्ट एकच: त्या वीस मिनिटांत तिला बैठकीला बोलावू नये.

औषधे आणि आजार

सर्दी, ताप, जुलाब यांत पाजणे थांबवण्याचे कारण नसते. आईच्या दुधातून बाळाला त्या आजाराविरुद्धची प्रतिपिंडे मिळतात. बहुतेक नेहमीची औषधेही चालतात. कर्करोगावरची औषधे आणि किरणोत्सारी आयोडीन यांच्या बाबतीत मात्र पाजता येत नाही किंवा काही काळ थांबावे लागते, आणि गॅलॅक्टोसेमिया हा दुर्मीळ जन्मजात विकार नेहमी आढळणाऱ्या रूपात असलेल्या बाळाला आईचे दूध देता येत नाही. एचआयव्ही असलेल्या आईने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व कमी असते, म्हणून बाळाला रोज ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) थेंबांतून देण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

थांबवायचे ठरवल्यास

कधी थांबवायचे, हे आईने आणि बाळाने ठरवावे. एकदम तोडू नये. आधी बाळाला सर्वांत कमी गरज वाटणारी दिवसातली एक वेळ काढून टाकावी, तीन-चार दिवस जाऊ द्यावेत, मग दुसरी; झोपेच्या आधीची वेळ बहुधा सर्वांत शेवटी जाते. त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी बाळाला झोपवले, तर सोपे जाते. स्तन फार गच्च झाले तर आराम वाटेल इतकेच दूध काढावे. एक वर्षाखालच्या बाळाला त्या बदल्यात भुकटीचे दूध द्यावे लागते. पूर्ण स्तनपानाच्या भरवशावर गर्भनिरोध चालू असेल, तर तो बाळ ६ महिन्यांच्या आत असताना, पाळी आलेली नसताना आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचे चालू असतानाच भरवशाचा असतो. पाजणे कमी करण्याआधी दुसऱ्या साधनाची सोय करावी. थांबवल्यानंतरही काही आठवडे, कधी त्याहून जास्त काळ, दाबल्यावर दुधाचे थेंब येऊ शकतात आणि त्यात काळजीचे काही नाही. मात्र रक्तमिश्रित स्राव आला किंवा एखादी गाठ दोन-तीन आठवड्यांत विरली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवावी.